टेबल शोधणं वेगळं, ओळी आणणं वेगळं

एआय एजंटला, म्हणजे स्वतः पावलं ठरवून काम करणाऱ्या भाषेच्या मॉडेलला, डेटाबेस जोडताना हमखास दोन टूलं (मॉडेलने हाक मारायचे छोटे प्रोग्रॅम) लागतात, आणि दोघांचं वर्णन हमखास सारखंच लिहिलं जातं: ‘डेटाबेसमधून टेबल आणतं.’ घोळ इथूनच सुरू होतो. कुठलं टेबल लागणार ते हुडकणं हे एक काम, त्या टेबलातल्या ओळी काढून देणं हे दुसरं. आपल्या ऑफिसातल्या माणसाला ते बोलण्याच्या ओघात कळतं. मॉडेलच्या हातात मात्र टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर एवढंच असतं. आतला कोड त्याला दिसत नाही.

समजा, एखाद्या मच्छीमार सोसायटीचा डेटाबेस आहे. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण इथले लिलाव, नौका, डिझेल, बर्फ अशी साठेक टेबलं. सगळा स्कीमा (टेबलं आणि कॉलमांची रचना) प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या मजकुरात, कोंबला तर टोकन (मजकूर मोजायचे तुकडे) उधळतात ते उधळतातच, वर मॉडेल ‘लिलाव’ सोडून ‘लिलाव_जुने’ उचलतं. म्हणून पहिलं टूल, ‘टेबल_शोधा’. त्याला प्रश्न साध्या भाषेत द्यायचा. ते टेबलांची नावं, कॉलम आणि वर्णनं धुंडाळतं आणि जवळची चार-पाच टेबलं स्कीमासकट देतं. दुसरं ‘ओळी_आणा’. त्याला एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) क्वेरी द्यायची, ते ती चालवून ओळी देतं. पहिल्याच्या वर्णनात एक वाक्य बहुतेक जण विसरतात: ‘यातून प्रत्यक्ष नोंदी मिळत नाहीत, त्यासाठी ओळी_आणा वापरा.’ काय मिळतं यापेक्षा काय मिळत नाही हे लिहिणं जास्त उपयोगी पडतं.

सगळ्यात मोठी गफलत नमुन्याच्या ओळींनी होते. मॉडेलला कॉलमचा अंदाज यावा म्हणून पहिलं टूल स्कीमासोबत तीन ओळी जोडतं. हेतू चांगला. पण कुणी विचारलं, ‘काल मिरकरवाड्यात बांगड्याचे किती लिलाव झाले?’, की एजंट त्या तीन ओळी बघतो आणि बिनधास्त सांगतो, ‘तीन.’ दुसऱ्या टूलला हाक जातच नाही. इशारा नुसता वर्णनात असून भागत नाही, कारण निकाल वाचेपर्यंत ते वर्णन बरंच मागे पडलेलं असतं. निकालातच, त्या ओळींच्या डोक्यावर, ‘नमुना, उत्तरासाठी वापरू नये’ असं छापा. त्याहून बरं म्हणजे ओळी देऊच नका. बंदर या कॉलममध्ये कोणकोणती नावं येतात आणि तारखा कधीपासून कधीपर्यंत आहेत, एवढं द्या. नौकामालकाचा फोन नंबर नमुन्यातून बाहेर जाण्याची भीतीही मग राहत नाही.

तसेच दोन शून्यांचे अर्थ. ‘ओळी_आणा’ने जूनच्या मासळीसाठी शून्य ओळी दिल्या तर त्यात बिघडलेलं काही नसेल: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ‘टेबल_शोधा’ने शून्य टेबलं दिली तर मात्र वर्णनात शब्द कमी पडलेत, किंवा एजंट ज्या युजरच्या नावाने डेटाबेसला जोडलाय त्याला टेबल बघायची परवानगीच नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये इन्फर्मेशन स्कीमावरून (टेबलांची माहिती देणाऱ्या तयार यादीवरून) यादी काढली तर परवानगी नसलेली टेबलं गुपचूप गळतात, एरर येत नाही. दोन्ही टूलांच्या वर्णनात शून्याचा अर्थ आणि पुढची पायरी लिहा, नाहीतर एजंट दोन्हीकडे ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून मोकळा होतो.

शब्दांचं म्हणाल तर मालवणातला माणूस इसवण आणि पेडवे विचारणार, टेबलात सुरमई आणि तारली असणार. एम्बेडिंगच्या (शब्दांचा अर्थ आकड्यांत मांडून जवळचे शब्द शोधायच्या पद्धतीच्या) भरवशावर राहू नका. कॉलमच्या कॉमेंटमध्ये (डेटाबेसात कॉलमला जोडलेल्या टिपेत) दोन्ही नावं घाला. मग शोधही लागतो आणि क्वेरीतली अटही बरोबर पडते. वजन किलोत की टोपल्यांत, हेही तिथेच. आणि वेळ. वेळ यूटीसीत (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) साठवली असेल तर पहाटे 5 चा लिलाव आदल्या दिवशी रात्री 11:30 ला जाऊन बसतो, आणि ‘कालची मासळी’ चुकते. ‘तारीख काढण्याआधी भारतीय वेळेत बदला’ ही ओळ कॉमेंटमध्ये हवीच.

‘ओळी_आणा’च्या वर्णनात मर्यादेचा आकडा द्या, समजा 100 ओळी. लिलाव 340 असतील तर निकालात ‘340 पैकी 100’ असं स्पष्ट यायला हवं. तसं नसेल तर एजंट शंभरांचीच बेरीज करून एकूण म्हणून देतो. बेरीज, सरासरी क्वेरीतच करायला सांगा. कॉलमचं नाव चुकलं तर डेटाबेसची एरर जशीच्या तशी परत द्या, सोबत ‘टेबल_शोधा पुन्हा चालवा’.

राहिलं ‘फक्त वाचनासाठी’. हे शब्द वर्णनात जरूर असावेत, पण ते कुलूप नव्हे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (मॉडेलला टूलं जोडायच्या एका ठरावीक पद्धतीत) टूलवर तशी खूण करता येते, तीही सूचनाच धरली जाते. कुलूप डेटाबेसच्या युजरवर लावायचं: त्याला फक्त सिलेक्टची, म्हणजे ओळी वाचायची, परवानगी, आणि क्वेरीला 10 सेकंदांची वेळमर्यादा.