दुर्बिणीचा माऊंट : उभारणी आणि चाचणी (ठाणे-नवी मुंबई)

आकाशाच्या छायाचित्रणासाठी दुर्बीण आणि कॅमेरा ज्या यंत्रणेवर बसवतात तिला माऊंट म्हणतात. दुर्बीण पेलणे हे तिचे निम्मे काम. उरलेले निम्मे म्हणजे पृथ्वी जितक्या वेगाने फिरते तितक्याच वेगाने दुर्बिणीला उलट दिशेने फिरवत ठेवणे. पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी करते, म्हणून खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). दोन मिनिटांत तो चंद्रबिंबाच्या रुंदीइतका पुढे गेलेला असतो. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची छोटी दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा घेतला, तर एका पिक्सेलमध्ये १.९४ विकला आकाश मावते. माऊंट बंद असेल तर तारा सेकंदाला जवळजवळ ८ पिक्सेल ओलांडतो. तोच तारा सलग तीन ते पाच मिनिटे एका जागी धरून ठेवायचा असतो. या छंदातले जुने लोक दुर्बिणीपेक्षा माऊंटवर जास्त पैसे घालायला सांगतात, ते यासाठीच, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे.

नवा माऊंट आणल्यावर पहिले फोटो हमखास बिघडतात. तारे लांबट येतात, आणि दोष यंत्राचा की मांडणीचा हे कळत नाही. उभारणी आणि चाचणी यांचा सगळा खटाटोप हे दोन्ही दोष एकमेकांपासून वेगळे काढण्यासाठी असतो.

प्रकार

सर्वाधिक प्रचलित आहे तो जर्मन विषुववृत्तीय माऊंट. योसेफ फ्राउनहोफरने डॉरपाट (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथील वेधशाळेसाठी केलेल्या दुर्बिणीला हीच रचना होती. ती दुर्बीण १८२४ साली तिथे पोहोचली. यातला एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असतो. तो विषुवांश अक्ष, बोलताना ‘आरए’. त्याला काटकोनात क्रांती अक्ष, म्हणजे ‘डेक’. दुर्बिणीच्या विरुद्ध टोकाला दांड्यावर वजने लावून तोल साधतात. अलीकडे हार्मोनिक गिअरचे माऊंट आले आहेत. हा गिअर १९५० च्या दशकात वॉल्टन मसर यांनी शोधला आणि अपोलो मोहिमांत चंद्रावर चाललेल्या गाडीच्या चाकांत तो वापरला गेला. हे माऊंट हलके असतात आणि बहुतेक वेळा त्यांना वजने लागत नाहीत, म्हणून लोकलने किंवा स्कूटरवरून सामान नेणाऱ्याला ते सोयीचे. मात्र त्यांची गिअरची चूक मोठी असते, त्यामुळे गाइडिंगशिवाय, म्हणजे वेगळ्या छोट्या दुर्बिणीने आणि कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवून माऊंटला सतत दुरुस्त्या दिल्याशिवाय, त्यांच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

ध्रुव १९ अंशांवर

ठाणे १९ अंश १२ कला उत्तर अक्षांशावर आहे, नवी मुंबई त्याच्या थोडी दक्षिणेला. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास तेवढ्याच उंचीवर, म्हणजे फार खाली दिसतो. इथल्या मांडणीतल्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

पहिली अडचण इमारतींची. तुमच्या गच्चीपेक्षा ४० मीटर उंच टॉवर उत्तरेला सुमारे ११५ मीटरच्या आत उभा असेल, तर ध्रुवतारा त्याच्या आड जातो. घोडबंदर रोडवर किंवा खारघरमध्ये असा टॉवर शोधावा लागत नाही. दुसरी उजेडाची. नेरूळ-बेलापूरहून पाहिले तर ध्रुवाच्या खाली तुर्भे, ऐरोली आणि ठाण्याचा झगमगाट असतो, आणि दुसऱ्या प्रतीचा हा तारा त्या धुरकट पट्ट्यात डोळ्यांना जेमतेम सापडतो. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी मावळलेले असतात, तेव्हा शर्मिष्ठेवरून अंदाज घ्यावा.

तिसरी अडचण यंत्राची, आणि ती माहितीपुस्तिकेत सापडत नाही. पुस्तिकेतली चित्रे ४०-५० अंशांच्या देशांतली असतात. तिथे वजनांचा दांडा ट्रायपॉडपासून दूर, तिरका लोंबतो. ठाण्यात माऊंटचे डोके इतके आडवे होते की दांडा जवळजवळ सरळ खाली येतो आणि उत्तरेच्या पायावर आपटतो. तो पाय दुसरीकडे वळवावा, तर सगळा भार उत्तरेला झुकलेला असल्याने ट्रायपॉड कलंडण्याची भीती. ट्रायपॉड आणि माऊंट यांच्यामध्ये आठ-दहा इंचांचा खांब बसवणे हा यावरचा चांगला उपाय. उंची ठरवणाऱ्या बोल्टवरही इथे जास्त ताण येतो. म्हणून डोके आधी थोडे खाली घ्यावे आणि मग वर उचलत उचलत जागेवर आणावे. वरून खाली आणत थांबवले तर ते नंतर बसते आणि जुळवणी बिघडते.

जागा

सोसायटीची गच्ची बहुधा कुलूपबंद असते आणि किल्ली सेक्रेटरी किंवा वॉचमनकडे. कोजागरीला ती तशीही उघडते, पाऊसही नुकताच सरलेला असतो, आणि माऊंटच्या चाचणीला पौर्णिमेचा काहीच अडथळा नाही. ध्रुव जुळवायला, गिअर तपासायला अंधार लागत नाही. उलट अमावास्येची रात्र चाचणीत घालवणे हे मोठे नुकसान, कारण ठाण्याबाहेर अंधाऱ्या जागी जायच्या त्याच तर रात्री.

गच्चीवर ट्रायपॉड स्लॅबच्या मध्यावर न ठेवता कॉलम किंवा तुळईच्या जवळ ठेवावा. मधला स्लॅब माणूस चालला तरी हलतो. लिफ्टची मशीन रूम आणि पाण्याच्या टाकीचा पंप यांपासून जितके लांब जाता येईल तितके जावे. चायना मोझॅइकला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, तेव्हा स्पिरिट लेव्हल लावून पाय कमीजास्त करावेत. वॉटरप्रूफिंगच्या थरावर ट्रायपॉडचे अणकुचीदार पाय टेकवू नयेत. खाली रबराचे जाड तुकडे किंवा फरशीचे तुकडे ठेवावेत. खाडीकडून येणारा वारा कठड्याच्या आडोशाला बराच कमी होतो.

येऊर जवळ आहे म्हणून अनेकांच्या मनात आधी तेच येते. पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि रात्रभर यंत्र मांडून बसण्याची जागा म्हणून त्याचा विचार करू नये.

घरातली जुळवणी

नवा माऊंट थेट गच्चीवर नेऊ नये. दिवाणखान्यात, दिव्याच्या उजेडात तो एकदा पूर्ण जोडावा. क्लच सैल करून दोन्ही अक्षांचा तोल साधावा: दुर्बीण, कॅमेरा, गाइड दुर्बीण, दव टाळणारा हीटर, सगळे लावल्यावरच. गिअरच्या माऊंटमध्ये पूर्वेची बाजू किंचित जड ठेवतात, म्हणजे दाते एकाच बाजूने टेकलेले राहतात.

मग तारीख, वेळ, स्थान. वेळेत आपल्याकडे एक चूक नेहमी होते: +५:३० मधला अर्धा तास राहून जातो. अर्ध्या तासाची चूक म्हणजे आकाशात साडेसात अंश, पंधरा चंद्रबिंबे. पहिल्याच ताऱ्याकडे पाठवल्यावर दुर्बीण भलतीकडे बघत असेल, तर मोटारवर शंका घेण्याआधी हा आकडा पाहावा. आणि वीजपुरवठा. १२ व्होल्टची बॅटरी अर्धी उतरली की कित्येक माऊंट वळताना अडखळतात, आणि तो दोष यांत्रिक वाटतो.

घरातच दुर्बीण चारी दिशांना फिरवून बघावी. ठाण्यात कृत्तिका मध्यावर येतात तेव्हा डोक्यावरच्या बिंदूपासून अवघ्या पाच अंशांवर असतात. अशा उंचीवर लांब कॅमेरा ट्रायपॉडच्या पायाला लागू शकतो, आणि तारा याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडल्यावर दुर्बीण बाजू बदलते तेव्हा केबल कुठेतरी अडकू शकते. अंधारात हे कळते ते आवाज झाल्यावर.

ध्रुवाशी जुळवणी

खरी उत्तर आणि होकायंत्र दाखवते ती चुंबकीय उत्तर यांतला फरक आपल्या भागात एक अंशाहूनही कमी आहे, ही चांगली गोष्ट. पण गच्चीच्या स्लॅबमधले लोखंड सुई वाकडी करते, त्यामुळे होकायंत्र फक्त पहिल्या अंदाजापुरते.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे ४० कला दूर आहे आणि त्याच्याभोवती फिरतो. माऊंटच्या आरए अक्षात बसवलेल्या छोट्या ध्रुवदर्शक दुर्बिणीतल्या वर्तुळावर तो त्या वेळच्या योग्य जागी आणायचा असतो. १९ अंशांवरचा तारा वातावरणामुळे जवळपास तीन कला वर उचललेला दिसतो, हेही लक्षात ठेवावे; सॉफ्टवेअर बहुधा ही दुरुस्ती करते. अक्ष ५ कलांनी चुकला तर तारा क्रांतीच्या दिशेने मिनिटाला जास्तीत जास्त १.३ विकला सरकतो. पाच मिनिटांच्या फोटोत हे तीन पिक्सेलांहून अधिक झाले.

उत्तर झाकलेली असेल, दक्षिणमुखी बाल्कनीच काय ती मिळत असेल, तरी मार्ग आहेत. ‘निना’सारखे मोफत सॉफ्टवेअर आकाशाच्या तीन वेगवेगळ्या जागांचे फोटो घेऊन, त्यांतले तारे ओळखून, अक्ष किती आणि कुठे चुकला ते सांगते. जुना रस्ता ड्रिफ्टचा, म्हणजे तारा कुठे सरकतो ते पाहून अक्षाची चूक ओळखण्याचा. मृगाच्या बाणातला सर्वांत उत्तरेचा तारा, मिंटाका, जवळजवळ नेमका विषुववृत्तावर आहे. तो याम्योत्तराजवळ असताना गाइडिंग बंद ठेवून पाहत राहावे. दक्षिणेला सरकला तर अक्ष ध्रुवाच्या पूर्वेला गेला आहे, उत्तरेला सरकला तर पश्चिमेला. नंतर पूर्वेकडे बऱ्यापैकी वर आलेला तारा घ्यावा; तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर. वेळ लागतो, पण एकदा हे हाताने केले की सॉफ्टवेअर काय करते आहे हे कळू लागते. प्रत्येक नव्या माणसाने एक रात्र ड्रिफ्टला द्यावी असे वाटते.

चाचणी

खरी परीक्षा इथे. गाइड कॅमेरा जोडून ‘पीएचडी-२’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवावे, पण दुरुस्त्या बंद ठेवून. पडद्यावरच्या आलेखाच्या पट्टीवर आरएची रेषा हळूहळू वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. ही वर्मची लाट. वर्म म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला फिरवणारा स्क्रू. चाकाला १३५ दाते असतील तर वर्मची एक फेरी ६३८ सेकंदांची, १८० असतील तर सुमारे ४७९ सेकंदांची. निदान तीन फेऱ्या, म्हणजे अर्धा तास, नोंद घ्यावी. दर फेरीला तीच लाट उमटली तर ते गिअरचे रूप आहे, आणि लाट संथ व गुळगुळीत असेल तर तिची उंची थोडी जास्त असली तरी काळजी नको. गाइडिंग तिला सहज आवरते. अचानक उडणारी, दातेरी रेषा मात्र वाईट.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर अक्ष मुद्दाम ध्रुवापासून थोडा बाजूला करावा आणि दहा मिनिटे फोटो घ्यावेत. तारा एका दिशेला सरकत जातो आणि वर्म त्याला आडवा हलवतो. फोटोत नागमोडी रेघ येते, साप वळसे घेत गेल्यासारखी. शहरात दहा मिनिटांचा सलग फोटो पांढराफटक पडतो, म्हणून तीस-तीस सेकंदांचे फोटो एकावर एक ठेवावेत. तीच रेघ मिळते.

मग गाइडिंग चालू करावे आणि दोन्ही अक्ष वेगवेगळे पाहावेत. आरए एकटा बिघडलेला असेल तर संशय गिअर, तोल आणि केबलवर. डेक एकाच दिशेला वाहत असेल तर ध्रुवाची जुळवणी कच्ची. दिशा बदलल्यावर डेक बराच वेळ ढिम्म राहत असेल तर गिअरमध्ये प्ले, म्हणजे दात्यांमधला सैलपणा, आहे; तेव्हा एकाच दिशेने गाइड करून काम भागते. दोन्ही अक्ष एकाच क्षणी उडत असतील तर दोष बहुधा माऊंटचा नसतो. वारा, जमीन, किंवा कुणी चालले. रात्री साडेदहा-अकराला, लोक घरी परततात त्या वेळी, लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबते आणि पट्टीवर दोन्ही रेषा एकदम टुणकन उडतात. घड्याळ लावून पाहिले की जुळते. स्लॅब दिवसभर तापलेला असतो, मध्यरात्रीपर्यंत त्यातून ऊन हवा वर येत राहते आणि तारा थरथरतो. म्हणून संध्याकाळचे आकडे पाहून यंत्राला नावे ठेवू नयेत. गाइड कॅमेऱ्याचा फोटो दोन-तीन सेकंदांचा ठेवला की ही थरथर बरीचशी पुसली जाते. हार्मोनिक माऊंटला मात्र एखाद्या सेकंदाने किंवा त्याहून लवकर दुरुस्ती द्यावी लागते, कारण त्याची लाट तीव्र असते.

सर्वांत फसवा प्रकार वेगळाच: पट्टी सरळ, आकडा उत्तम, तरीही फोटोत तारे लांबट. इथे गाइड दुर्बीण आणि मुख्य दुर्बीण एकमेकींच्या सापेक्ष वाकत असतात. एखादा स्क्रू सैल, पकड ढिली, फोकसर लोंबता, लटकणाऱ्या केबलचे वजन. माऊंट निर्दोष असतो.

वर घेतलेल्या दुर्बिणीसाठी एकूण चूक एक विकलेच्या आत राहिली तर तारे गोल येतात, आणि त्याहून खाली जाण्यासाठी शहरात जागरण करण्यात फारसा अर्थ नाही. दुकानदाराकडे तक्रार न्यायची वेळ आलीच, तर निदान दोन वेगळ्या रात्रींच्या, दुरुस्त्या बंद ठेवलेल्या नोंदी सोबत असाव्यात. लाट दोन्ही रात्री त्याच काळाची असेल तर वादाला जागा राहत नाही.

गच्चीनंतर

दुहेरी पट्ट्याचा (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) फिल्टर लावून मृगातला तेजोमेघ गच्चीवरूनही चांगला मिळतो. दीर्घिकांसाठी मात्र बाहेर पडावे लागते. मध्य रेल्वेवरच्या वांगणीला खगोल मंडळ ही संस्था वर्षानुवर्षे रात्रभराचे आकाशदर्शन घेत आली आहे. त्यापलीकडे मुरबाड, माळशेजचा पट्टा आहे. प्रवासात स्क्रू हलतात, तोल बदलतो, ध्रुवाची जुळवणी तर पुन्हा पहिल्यापासून. वर्मची लाट तेवढी तीच राहते.

जून ते सप्टेंबर माऊंट पेटीत जातो. खाडीकाठच्या दमट हवेत लोखंडी स्क्रूंवर गंज आणि भिंगांवर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि निळ्याच्या गुलाबी झाल्या की भाजून घ्याव्यात. महिन्यातून एकदा माऊंट बाहेर काढून दोन्ही अक्ष पूर्ण फिरवावेत, म्हणजे ग्रीस एका जागी बसत नाही. ऑक्टोबरमध्ये गच्चीवर पहिल्यांदा मांडल्यावर दुरुस्त्या बंद ठेवून अर्ध्या तासाची नोंद घ्यावी आणि ती मागच्या वर्षीच्या नोंदीशेजारी ठेवून पाहावी.