निबंध (बडोदे संस्थान)

बडोदे संस्थानात कायद्याला रूढ असलेली संज्ञा. महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे (१८६३–१९३९) यांनी २८ डिसेंबर १८८१ रोजी कारभार हाती घेतला. त्यानंतरच्या निबंधांपैकी लग्न, शिक्षण, कर आणि जातीचा दंड यांविषयीचे, म्हणजे सामान्य कुटुंबाच्या संसाराला थेट भिडणारे निबंध येथे घेतले आहेत.

संज्ञेचा उगम तीन प्रकारे लावता येतो. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘निबंध’ म्हणजे राजाने लावून दिलेली कायमची नेमणूक; भूमिदानाच्या बरोबरीने तिचा लेख करून द्यावा असे तेथे सांगितले आहे. मध्ययुगीन धर्मशास्त्रात निबंध म्हणजे अनेक स्मृतिवचनांचा विषयवार संग्रह. लक्ष्मीधर, हेमाद्री, कमलाकर हे या अर्थाने निबंधकार. तिसरी वाट सरळ धातूची: नि + बंध्, म्हणजे बांधून घालणे. पहिला अर्थ दानाशी निगडित असल्याने तो दूरचा वाटतो. उरलेल्या दोहोंत दुसऱ्याचे पारडे जड दिसते, कारण १९३०च्या दशकात बडोद्याने हिंदू कायद्याचे जे संहितीकरण केले त्यालाच ‘हिंदू निबंध’ म्हटले आणि त्याचे काम निबंधकारांच्या कामाशी जवळचे होते. तथापि त्याआधीचे अनेक निबंध धर्मशास्त्राबाहेरचे आहेत, त्यामुळे ‘बंधन’ हा साधा अर्थही सोडून देता येत नाही. मराठीत ‘निबंध’ म्हणजे गद्यलेख हा अर्थ निबंधमालेच्या सुमारास (१८७४) पक्का झाला; त्याचा येथे संबंध नाही. राज्यकारभाराचे शब्द देशी असावेत हा महाराजांचा आग्रह होता, आणि पुढे ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ (१९३१) हा बहुभाषिक शासनकोश त्यातूनच निघाला. दरबारात व खाजगी खात्यात मराठी, प्रजेच्या बहुतेक व्यवहारात गुजराती अशी स्थिती असल्याने दोन्हीकडे चालणारा संस्कृत शब्द सोयीचा ठरला असावा. मसुदा ‘आज्ञापत्रिके’त, म्हणजे संस्थानाच्या राजपत्रात, छापून लोकांची मते मागवण्याची रीत होती.

बालविवाह प्रतिबंधक निबंध (१९०४) हा यांतील सर्वांत गाजलेला. मुलीचे किमान वय १२ व मुलाचे १६ ठरले. पुढे ती १४ आणि १८ झाली. म्हैसूरचा १८९४ चा कायदा याच्या आधीचा, पण त्यात मुलीची मर्यादा आठच वर्षांची होती. ब्रिटिश हिंदुस्थानात बालविवाहाविरुद्धचा शारदा कायदा १ एप्रिल १९३० रोजी अमलात आला, म्हणजे बडोद्यानंतर सुमारे सव्वीस वर्षांनी. निबंधाची गरज संस्थानाच्या उत्तरेकडील कडी प्रांतात विशेष होती. उंझ्याच्या उमियामातेला मानणाऱ्या कडवा कणबी या शेतकरी जातीत दर नऊ ते बारा वर्षांनी एकच लग्नतिथी निघे, म्हणून घरातली सगळी लेकरे, अगदी पाळण्यातलीसुद्धा, एका मांडवात उजवून टाकत. वर मिळाला नाही तर मुलीचे लग्न फुलांच्या गुच्छाशी लावत. मग तो गुच्छ विहिरीत सोडत आणि मुलगी ‘विधवा’ धरून तिचे कमी खर्चात नातरे, म्हणजे पुनर्विवाह, करून देत. या चालीमागे श्रद्धा किती आणि खर्चाची धास्ती किती, याचा निकाल लावणे कठीण आहे. पण चार मुलींच्या बापाला पुढच्या तिथीची वाट पाहणे परवडत नसे, हे उघड आहे. निबंधाची दुबळी बाजू दंडात होती. तो किरकोळ असल्याने लोकांनी तो लग्नखर्चातच मोजला आणि लग्ने चालूच राहिली. पुनर्विवाहास मान्यता देणारा निबंध याआधीचा, १९०१–०२ च्या सुमाराचा होय.

सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग म्हणून सुरू झाले आणि १९०६ मध्ये संस्थानभर लागू झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ चे आपले शिक्षण विधेयक मांडताना बडोद्याचा दाखला दिला. फी माफ झाली तरी मूल शाळेत गेले की शेतावर एक हात कमी पडे, आणि गैरहजेरीचा दंड पुन्हा त्याच आईबापांवर बसे. गरीब घराच्या दृष्टीने ही सक्ती वाटते तितकी मोफत नव्हती. तरीही मुलींना सुरुवातीपासून सक्तीत घेतले, आणि या निर्णयाचे मोल मोठे आहे.

करांच्या बाबतीत रमेशचंद्र दत्त यांचा अमात्यपदाचा, म्हणजे महसूलमंत्रिपदाचा, काळ (१९०४–०७) महत्त्वाचा. धंद्या-धंद्यावरचे किरकोळ वेरे (कर) काढून त्यांऐवजी प्राप्तिकर ठेवण्याची दिशा या काळात दृढ झाली.

१९३१ चा घटस्फोटाचा निबंध हिंदुस्थानातील पहिला, असे सर्रास लिहिले जाते. करवीर (कोल्हापूर) संस्थानात राजर्षी शाहूंनी त्याआधीच काडीमोडीबाबत कायदा केला होता, म्हणून हे विधान जपून घ्यावे. ज्ञातित्रासनिवारण निबंध (१९३३) तुलनेने कमी परिचित आहे, पण कुटुंबाचे रक्षण त्यानेच अधिक केले. जातीच्या पंचांनी वाळीत टाकले म्हणजे विस्तव-पाणी बंद, मुलीला स्थळ बंद, मयताला खांदेकरी मिळेनात; आणि पुन्हा जातीत यायचे तर दंड आणि वर साऱ्या जातीला जेवण. पंक्ती उठल्यावर कर्ज मात्र घरातच राही. परदेशगमन किंवा पोटजातीबाहेरचे लग्न यांसाठी असा बहिष्कार घालणे या निबंधाने गुन्हा ठरवले.

१ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि निबंधांची जागा हळूहळू सर्वसाधारण कायद्यांनी घेतली. बहिष्काराविरुद्ध मुंबई राज्याने त्याच वर्षी कायदा केला. तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. बडोदे गुजरातेत असल्याने तो तेथे लागू नाही.