दुखापतीनंतर केटलबेल: पहिल्या दिवसाआधी हे वाचा

प्लास्टर निघालं, फिजिओकडच्या फेऱ्या संपल्या आणि डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू व्यायाम सुरू करा." या 'हळूहळू'चा हिशोब मात्र कुणी करून देत नाही. तो मांडायला हे पत्रक काढलं आहे.

आमच्या केटलबेलच्या व्यायामशाळेत येणारे बरेच जण कशातून तरी उठलेले असतात. कुणाची गाडी पावसाळ्यात खड्ड्यात घसरून मनगट मोडलेलं असतं. कुणी हरिहर गडाच्या पायऱ्या उतरताना गुडघा मुरगळून आलेलं असतं. कुणाची कंबर द्राक्षाची कॅरेट उचलून उचलून धरलेली असते, तर कुणाची नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मशीनपुढे उभं राहून. सगळ्यांना घाई सारखीच असते. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो, नंतर वाद नको: मोबाइलवर दिसतो तो बेल झुलवण्याचा प्रकार, म्हणजे स्विंग, आम्ही पहिला महिनाभर शिकवत नाही. वर्षाची फी एकदम भरली तरी नाही. काहींना हे पटत नाही, ते दुसरीकडे जातात. आमची हरकत नाही.

हे प्रकरण आहे तरी काय

तोफगोळ्याला कडी बसवावी तसं दिसणारं हे लोखंड रशियातून आलं. तिथे त्याला गिर्या म्हणतात. मुळात ही बाजारात धान्य तोलायची वजनं. आपल्याकडे जसा मण आणि शेर, तसं त्यांच्याकडे 'पूड' हे माप. एक पूड म्हणजे 16.38 किलो. तोलायची वजनं उचलून ताकद दाखवायची हौस तिथल्या माणसांना लागली आणि त्यातून व्यायाम झाला. आजही 16, 24 आणि 32 किलोच्या बेल सर्रास मिळतात, त्या एक, दीड आणि दोन पुडांच्या हिशोबाने.

आपल्या तालमीत मुद्गल किंवा करेला फिरवलेल्या माणसाला यातलं तत्त्व सांगावं लागत नाही. डंबेलचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं. केटलबेलचं वजन मुठीपासून लांब लटकतं, त्यामुळे ते सतत हाताला ओढतं. ही ओढ सावरायला पकड, खांद्याभोवतीचे छोटे स्नायू, पोट, पाठ सगळे कामाला लागतात. थोड्या वेळात पुष्कळ काम होतं ते यामुळेच. आणि कच्च्या सांध्याला त्रास होतो तोही यामुळेच.

पाठदुखीवर हे चालतं का, असं नेहमी विचारतात. डेन्मार्कमध्ये 40 नोकरदार माणसांवर एक प्रयोग झाला, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, 20-20 मिनिटं केटलबेलचा व्यायाम केला. त्यांची मान, खांदे आणि कंबर यांचं दुखणं दुसऱ्या गटापेक्षा कमी झालं. चांगली गोष्ट आहे. पण ती बसून-उभं राहून अवघडलेली माणसं होती, ऑपरेशनच्या टेबलावरून नुकती उठलेली नव्हती. तो निकाल जसाच्या तसा तुम्हाला लावू नका, आम्हीही लावत नाही.

घात होतो तो दुसऱ्या महिन्यात

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सगळे जपून असतात. मग स्नायूंत जोर परत येऊ लागतो, जिना चढताना धाप लागत नाही, आरशात बरं दिसतं. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ते लवकर सावरतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना रक्त कमी मिळतं, त्या महिनोन् महिने मागे राहतात. म्हणजे ताकद आल्यासारखी वाटते तेव्हा ती अर्धीच आलेली असते. नेमक्या याच टप्प्यावर माणूस म्हणतो, "मी तर आधी 20 किलो मारायचो!"

आमच्यातल्याच एकाने हा पराक्रम केला आहे. मनगटाचं हाड जुळलं, प्लास्टर सहा आठवड्यांत निघालं, आणि गड्याने महिन्याभरात जुनी 16 किलोची बेल उचलली. मनगटाला काही झालं नाही. कोपर मात्र असं दुखायला लागलं की चहाचा कप धरवेना. ते शांत व्हायला प्लास्टरपेक्षा जास्त दिवस गेले. आता तोच आमच्या नव्या तुकडीला शिकवतो, आणि सगळ्यांत कडक तोच आहे.

आधी वाकायला शिका

पहिले दोन आठवडे जवळजवळ हेच. हसू नका, भलेभले इथे अडतात.

खालची वस्तू उचलताना आपण बहुतेक जण पाठीची कमान करतो. वाकायचं असतं ते खुब्यातून: गुडघे थोडे सैल, बसायची जागा मागे ढकलायची, पाठ लांब आणि सरळ. हात भरलेले असताना गाडीचं दार आपण मागच्या धक्क्याने लावतो ना, तसं. आम्ही पाठीवर एक काठी धरायला देतो. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, या तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे. वाकताना एक जरी जागा सुटली तरी परत सुरुवात.

काठीचं जमलं की बेल येते, तीही जमिनीवर नाही, ठोकळ्यावर ठेवलेली. ती उचलून उभं राहायचं आणि तशीच परत ठेवायची. याला डेडलिफ्ट म्हणतात. पाच वेळा, मग थांबा. असे तीन-चार फेरे. ठोकळा आठवड्या-आठवड्याने खाली जातो. भरलेला गॅसचा सिलिंडर जवळपास 30 किलोचा असतो, आणि तो घरात कुणीतरी हलवतंच. व्यायामशाळेबाहेर उपयोगी पडणारी गोष्ट कोणती असेल तर ही. बागायतदार मंडळींनी ती जानेवारीत काढणी सुरू होण्याआधी शिकावी असा आमचा आग्रह असतो, आणि दरवर्षी ती मार्चमध्ये कंबर धरल्यावर येतात.

याच्या जोडीला दोन गोष्टी. एका हातात बेल धरून सरळ चालणं, बाजारातून पिशवी आणावी तसं, पण खांदा खाली न झुकवता. आणि छातीशी बेल धरून स्टुलावर बसणं-उठणं. एवढंच. कंटाळवाणं आहे, मान्य.

स्विंगला आम्ही केव्हा हो म्हणतो? दुखऱ्या बाजूच्या पायावर 30 सेकंद उभं राहता आलं, जमिनीवरून सलग वीस डेडलिफ्ट स्वच्छ झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही वाढलेलं नसलं, की. स्विंगमध्ये बेल हातांनी उचलायची नसते, खुब्याच्या झटक्याने ती पुढे जाते. हात म्हणजे नुसती दोरी. ज्याचं वाकणं कच्चं, त्याचा झटका कमरेच्या मणक्यांवर जातो.

8 वरून 12 म्हणजे 'थोडंसं' नाही

दुकानात बेल बहुतेक चार-चार किलोच्या फरकाने मिळतात. 8 वरून 12 वर गेलात तर वजन थेट दीडपट झालं. 12 वरून 16 म्हणजे एक तृतीयांश वाढ. धडधाकट माणसालाही ही उडी जाणवते. म्हणून आम्ही वजन बदलण्याआधी आकडा वाढवतो: पाचाचे सहा, सहाचे आठ, मग एक फेरा जास्त, आणि मधल्या पायरीसाठी 10 आणि 14 च्या बेल मुद्दाम ठेवल्या आहेत. दुखापतीनंतर सुरुवात बहुतेकांची 4 ते 8 किलोवर होते. डेडलिफ्टला थोडं जास्त चालतं, डोक्यावर नेण्याच्या प्रकारांना त्याहून कमी. शेजारची मावशी तुमच्यापेक्षा जड बेल उचलत असेल. असू द्या, ती वर्षभर येते आहे.

सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. मोकळ्या दिवशी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चाला.

कोणतं दुखणं चालेल, कोणतं नाही

बऱ्याच दिवसांनी व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पाठ, दंड भरून येतात. दोन्ही बाजूंना सारखं, दाबलं की दुखणारं, हललं की मोकळं होणारं. ते चालेल.

जुन्या दुखापतीच्या जागेसाठी दहापैकी गुण द्यायची सवय लावा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना तीनपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मूळ जागी आलं, तर पुढे जाऊ. चोवीस तासांनंतरही वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी वजन किंवा फेरे कमी. एका बोटाने दाखवता येईल अशी टोचणी किंवा सांध्याला सूज असेल तर तो प्रकार तिथेच बंद. आणि व्यायामाला येण्याआधी दुखण्याची गोळी घेऊन येऊ नका. गोळीने दुखणं झाकलं तर आम्हालाही कळत नाही आणि तुम्हालाही.

पुढच्या गोष्टी आमच्या हातातल्या नाहीत, त्या दिसल्या तर व्यायाम सोडून थेट डॉक्टरकडे: पायात किंवा हातात वाढत जाणारा बधिरपणा, पाऊल उचलताना लुळं पडणं, जांघेच्या आतल्या भागाची संवेदना जाणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, एका पोटरीला सूज आणि गरमपणा, छातीत दडपण, व्यायामानंतर कोऱ्या चहासारखी गडद लघवी. यातलं काहीही "उद्या बघू" म्हणून ठेवायचं नाही.

खांदा, गुडघा, मनगट

खांद्याबाबत सगळ्यांत जास्त धीर लागतो. हात डोक्यावर नेण्याचे प्रकार आम्ही सर्वांत शेवटी घेतो. आधी हात बेलशिवाय कानाजवळ सरळ गेला पाहिजे, पाठीला बाक न देता. खांदा आखडलेला असेल आणि रात्री कुशीवर झोपताना ठणकत असेल तर त्या टप्प्यात केटलबेल नकोच, फिजिओकडेच राहा. मधुमेह असणाऱ्यांमध्ये हा त्रास जास्त आढळतो आणि रेंगाळतोही, तेव्हा साखरेचं बघितल्याशिवाय नुसत्या व्यायामावर भिस्त ठेवू नका.

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं असेल तर सर्जनची लेखी परवानगी लागेल. डेडलिफ्ट आणि उंच स्टुलावर बसणं-उठणं लवकर जमतं. उड्या आणि वळणाचे प्रकार त्यांच्या वेळापत्रकानेच.

मनगट सरळ ठेवायचं. बेल हाताच्या पुढच्या भागावर हलकेच टेकली पाहिजे, आदळता कामा नये. निळे डाग पडत असतील तर पद्धत चुकते आहे, मर्दानगीची खूण नव्हे.

घरी बेल घ्यायची का?

पहिला महिना नको. कोणतं वजन लागेल हे तेव्हा कळलेलंच नसतं, आणि मग ती बेल दाराला अडण म्हणून राहते. घ्यायचीच झाली तर ओतीव लोखंडाची, एकसंध घ्या. प्लास्टिकच्या आत सिमेंट भरलेल्या स्वस्त बेलची मूठ बहुधा जाड असते आणि खाली आदळली तर कवच फुटतं. मुठीवरून बोट फिरवून पाहा, शिवण किंवा धार लागली तर परत ठेवा. दोन्ही हात मावतात का तेही बघा. स्पर्धेच्या बेल सगळ्या एकाच आकाराच्या असतात, वजन रंगावरून ओळखायचं: 8 गुलाबी, 12 निळी, 16 पिवळी. त्या महाग असतात आणि तुम्हाला त्यांची गरज नाही.

फ्लॅटमध्ये करणार असाल तर जाड रबरी मॅट अंथरा, मुलं दुसऱ्या खोलीत. खालच्या मजल्यावरच्या काकांशी संबंध टिकवायचे असतील तर दुपारी दोन ते चार नको.

पहिल्या दिवशी येताना

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे किंवा एमआरआयचा रिपोर्ट आणि फिजिओने दिलेल्या व्यायामांचा कागद आणा. चालू गोळ्यांची नावं लिहून आणा. बीपीच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढत नाही, मग घड्याळातला आकडा फसवतो आणि तुम्ही बोलू शकता का यावरच दम ओळखावा लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आवर्जून सांगा. कागद नसतील तर त्या दिवशी नुसत्या गप्पा होतील, बेल हातात येणार नाही.

पळायचे मऊ, जाड तळव्यांचे बूट नकोत. सपाट तळव्याचे कॅनव्हास चालतील. अनवाणीही चालतं, पण मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांनी बूट घालूनच यावं. पावसाळ्यात हात पुसायला नॅपकिन. अंगठी घरी काढून ठेवा.

एका तुकडीत सहाच जण घेतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सांधे मोकळे करायला दहाऐवजी वीस मिनिटं देतो, त्यामुळे तेव्हा वेळेवर या. उशिरा येणाऱ्याला त्या दिवशी फक्त चालणं मिळतं. चारचाकी लावायला जागा नाही, दुचाकी गेटच्या आत डाव्या हाताला लावा.