नॅनोट्यूबची आम्लप्रक्रिया: एका शब्दाचा गुंता

कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांची, काळी भुकटी पाण्यात टाकली तर ती नीट भिजतच नाही, गुठळ्या होऊन वर राहते. मात्र तीच भुकटी काही तास तीव्र नायट्रिक आम्लात उकळून, धुण्याचे पाणी उदासीन होईपर्यंत धुतली, की पाण्यात शाईसारखी मिसळते. नागपुरातील प्रयोगशाळेत हा बदल डोळ्यांनी पाहिलेल्या विद्यार्थ्याला पुढचा इतिहास समजणे सोपे जाते.

ग्रॅफाइटवर आम्लाची प्रक्रिया एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहे. नॅनोट्यूबकडे जगाचे लक्ष गेले ते १९९१ मध्ये, आणि त्यानंतरची काही वर्षे आम्ल वापरले गेले ते मुख्यतः नळ्या बनवताना वापरलेल्या लोह, निकेल, कोबाल्ट यांसारख्या उत्प्रेरकांचे अवशेष काढण्यासाठी. म्हणजे ज्याला आज आपण पृष्ठभागाची जाणीवपूर्वक घडण म्हणतो, ती मुळात साफसफाई होती. १९९७ मध्ये नायट्रिक आम्लातून काढलेल्या नॅनोट्यूबच्या इलेक्ट्रोडने गंधकाम्लात ग्रॅमला सुमारे १०० फॅरड धारिता (दर व्होल्टला प्रभार साठवण्याची क्षमता; फॅरड हे तिचे एकक) आणि किलोग्रॅममागे ८ किलोवॅटहून अधिक शक्ती दाखवली, तेव्हा या साफसफाईचे मोल बदलले.

वाद आहे तो या वाढलेल्या धारितेला काय म्हणायचे, यावर. आम्लाने नळ्यांच्या भिंतींवर कार्बोक्सिल, क्विनोन असे ऑक्सिजनयुक्त गट बसतात. त्यांच्यामुळे द्रावण आतपर्यंत पोहोचते, हा एक लाभ. क्विनोन गट स्वतः इलेक्ट्रॉन घेतात आणि देतात, हा दुसरा. या दुसऱ्या लाभाला ‘स्यूडोकपॅसिटन्स’, म्हणजे आभासी धारिता, असे नाव पडले. रुथेनियम ऑक्साइडसारख्या पदार्थात व्होल्टता वाढेल त्या प्रमाणात प्रभार साठतो, म्हणून तिथे हे नाव शोभते. क्विनोनची अभिक्रिया मात्र ठरावीक व्होल्टतेभोवती एकवटते आणि विद्युतधारा-व्होल्टतेच्या आलेखावर उंचवटा दिसतो. तो उंचवटा सरासरीत मिसळून एकच फॅरड-आकडा छापणे मला दिशाभूल करणारे वाटते. अशा ठिकाणी साठलेला प्रभार कूलोंब किंवा मिलिअँपिअर-तासांत द्यावा, हा आग्रह २०१४ नंतर जोरात मांडला गेला, आणि तो रास्त आहे.

गुंता इथेच थांबत नाही. आम्लाने भिंती तुटतात, नळ्या आखूड होतात, विद्युतवहन घटते. शिवाय ऑक्सिडीकरणाने सुटे झालेले कार्बनचे तुकडे नळ्यांना चिकटून राहतात आणि सौम्य अल्कलीने धुतल्यावर ते निघून जातात, असे या शतकाच्या पहिल्या दशकात दिसून आले. मग मोजलेले गट नळीचे की त्या कचऱ्याचे?

२०१० मध्ये ऋण आणि धन गट असलेल्या नॅनोट्यूबचे थर एकावर एक रचून केलेल्या लिथियम इलेक्ट्रोडने ग्रॅमला सुमारे २०० मिलिअँपिअर-तास साठवले. तिथे ऑक्सिजनयुक्त गट उघडपणे साठवणुकीचेच काम करत होते, आणि मापही बॅटरीचेच वापरले होते.