घरगुती उड्डाण सदृशक

घरगुती उड्डाण सदृशक : विमान चालवण्याच्या सरावासाठी घरच्या संगणकावर केलेली मांडणी. संगणक, सदृशीकरणाचे सॉफ्टवेअर आणि हातापायांनी हाताळायची नियंत्रणे हे तिचे तीन भाग. ‘सदृशक’ हा शब्द पुस्तकात राहतो. बोलताना सगळे ‘सिम’च (सिम्युलेटरचे लघुरूप) म्हणतात. गोव्यात घरातले बोलणे कोकणी आणि वाचन मराठी असले, तरी या बाबतीत तिसरा शब्द कोणी शोधलेला नाही. गेम आणि सिम यांतला फरक सॉफ्टवेअरपेक्षा वापरणाऱ्यात जास्त असतो. एकच सॉफ्टवेअर एक मुलगा मांडवी पुलाखालून विमान घालण्यासाठी चालवतो आणि दुसरा तपासणी-यादी वाचत इंजिन सुरू करण्यासाठी. ही नोंद दुसऱ्यासाठी आहे.

पूर्वपीठिका : जमिनीवर बसून उड्डाण शिकवणारे पहिले यशस्वी यंत्र अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याने १९२९ च्या सुमारास बनवले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनवण्याचा कारखाना होता. तिथलेच भाते, झडपा आणि हवेचा पंप लिंकने लाकडी कॉकपिटखाली बसवले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने टपालाची विमाने चालवायला घेतली. खराब हवेत केवळ मापकांवर विसंबून उडण्याची सवय नसल्याने बरेच वैमानिक दगावले, आणि मग लष्कराने लिंककडून सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली. रंगावरून त्यांना ‘निळी पेटी’ म्हणत. देवळातल्या भजनात ज्या भात्यावर पेटी वाजते, त्याच जातीच्या भात्यावर ही पेटीही डोलत असे, हे गोव्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

घरच्या संगणकावर हे आणले ब्रूस आर्टविक याने. त्याचे ॲपल-२ साठीचे ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हे सॉफ्टवेअर १९७९–८० च्या सुमारास आले आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची आयबीएम पीसीसाठी आवृत्ती काढली. पडद्यावर काही रेघा, त्यांना धावपट्टी मानायचे. ऑस्टिन मेयर याचे एक्स-प्लेन १९९५ पासून आहे. त्यात पंख आणि पंखा यांचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचे बल मोजले जाते. फ्लाइटगिअर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि आजही फुकट मिळते. मायक्रोसॉफ्टने २००६ च्या ‘एक्स’ आवृत्तीनंतर २००९ मध्ये आपला स्टुडिओच बंद केला. त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये फ्रान्समधील असोबो स्टुडिओने बनवलेली नवी आवृत्ती आली, तेव्हा जग टाळेबंदीत घरी बसलेले होते.

संगणक आणि सॉफ्टवेअर : सुरुवातीला सर्वांत महाग वस्तू घेण्याची चूक बहुतेक जण करतात. सरावासाठी आधी फ्लाइटगिअर चढवून पाहावे. साध्या संगणकावर ते चालते, सोबत सेसना १७२ हे एका इंजिनाचे छोटे विमान मिळते, आणि विमानतळाच्या चौकटीत दाबोळीचा संकेत व्हीओजीओ टाकला की भूप्रदेश नेटवरून आपोआप उतरू लागतो. एक्स-प्लेनची चाचणी आवृत्तीही मोफत आहे. ती ठराविक मिनिटे चालते, पण आपला संगणक किती पेलतो हे कळायला तेवढे पुरते. मायक्रोसॉफ्टच्या २०२० आवृत्तीला किमान ८ जीबी रॅम आणि १५० जीबी जागा लागे; २०२४ च्या आवृत्तीला जागा ५० जीबीच लागते, पण रॅम किमान १६ आणि शिफारस ३२ जीबीची आहे. जागा कमी झाली, कारण बरेचसे जग उडता उडता नेटवरून येते. नेट मंद असेल तर खालची घरे वितळलेल्या मेणासारखी दिसतात. सत्तरी-काणकोणच्या आतल्या गावांत बसून उडणाऱ्याने म्हणून भूप्रदेश डिस्कवर साठवणारे सॉफ्टवेअर घेणे शहाणपणाचे.

चढवण्याचा क्रम सोपा आहे : आधी विंडोज अद्ययावत करावे, मग ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, मग एसएसडीवर स्वतंत्र फोल्डर करून त्यात सॉफ्टवेअर. बाहेरून आणलेली विमाने आणि विमानतळ पहिल्याच दिवशी घालू नयेत. काही बिघडले तर दोष कुठला ते मग ओळखू येत नाही. चित्राची गुणवत्ता दर सेकंदाला ३० चित्रे अखंड येतील इतकीच ठेवावी. ढगांचे सौंदर्य वाढवून उतरताना पडदा अडखळू लागला, तर त्या सौंदर्याचा शिकण्याला काहीच उपयोग नाही.

नियंत्रणे जुळवणे : खरे काम इथे आहे आणि घाई होते तीही इथेच. कीबोर्डवर विमान शिकता येत नाही. कळ एकतर दाबलेली असते किंवा नसते, आणि विमानाला मधले सगळे लागते. मुठीला पीळ देऊन रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीचे सुकाणू) चालवता येणारी साधी जॉयस्टिक पुरे. योक (दोन्ही हातांनी धरायचे विमानाचे चाक) आणि रडरचे पेडल नंतर. जॉयस्टिक जोडल्यावर आधी विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत ती चारही कोपऱ्यांपर्यंत फिरवून कॅलिब्रेट करावी. मग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अक्ष एकदाच नेमलेला आहे ना, ते पाहावे. पेडल घेतल्यावर जॉयस्टिकच्या पिळाची जुनी नेमणूक काढायचे राहते. मग दोन साधने एकाच रडरवर भांडतात आणि विमान धावपट्टीवरून सापासारखे जाते. काठी मधोमध असताना पडद्यावर थरथर दिसत असेल तर मध्याभोवती तीन-चार टक्के निष्क्रिय पट्टा ठेवावा. त्याहून जास्त ठेवला तर हात बारीक हालचाल शिकतच नाही.

एक गोष्ट मात्र दोष नसून खरी असते. सेसनासारखे एका इंजिनाचे विमान पूर्ण शक्ती दिल्यावर डावीकडे ओढते. पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहिल्यास उजवीकडे फिरतो. त्याची प्रतिक्रिया आणि त्याने मागे फेकलेल्या हवेचे वेटोळे यांमुळे नाक डावीकडे वळते, म्हणून उजवे पेडल दाबायचे असते. नवशिके जॉयस्टिक बिघडली असे समजून पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट करतात. सॉफ्टवेअरमधले ‘ऑटो रडर’ सुरू ठेवले की हे ओढणे दिसतच नाही. ते पहिल्याच दिवशी बंद करावे. ट्रिमचेही (काठीवरचा जोर सोडवणाऱ्या चाकाचेही) तसेच. काठीवर सतत जोर लावून उंची धरणारा हात लवकर थकतो आणि उशिरा शिकतो. आधी काठीने नाक हवे तिथे आणून धरायचे, मग ट्रिमने काठीवरचा भार काढायचा. सराव हा एवढाच असतो, पण जमायला आठवडे जातात.

पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत हवा. दृश्याचा कोन फार रुंद ठेवला तर सगळे कॉकपिट दिसते खरे, पण धावपट्टी आहे त्याहून दूर भासते आणि उतरण्याचा अंदाज चुकतो. आणि खुर्ची! चाकांच्या खुर्चीत बसून पेडल दाबले की विमान वळण्याआधी वैमानिकच मागे जातो. चाके काढावीत, नाहीतर जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घ्यावी.

गोव्याचे घर : वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, समुद्राची खारी हवा आणि चिऱ्यांच्या भिंतींतली ओल, यांत यंत्रे लवकर म्हातारी होतात. स्वस्त जॉयस्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर घासणारा पोटेन्शिओमीटर असतो. पट्टी झिजली किंवा तिच्यावर मळ बसला की काठी न हलवता विमान हलते. चुंबकाने काम करणाऱ्या हॉल सेन्सरच्या जॉयस्टिकमध्ये घासणारे काही नसते. थोडे पैसे जास्त जातात, पण किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने तीच घ्यावी. संगणक पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवणे बरे. आतल्या उबेने ओल सुटते.

जून-जुलैत लाईट जाते-येते. सॉफ्टवेअर अद्ययावत होत असताना ती गेली तर फाइली अर्धवट राहतात आणि सगळे पुन्हा उतरवावे लागते. ऑफिसच्या संगणकाला चालणारा ६०० व्हीएचा यूपीएस ग्राफिक्स कार्डाच्या संगणकाला पुरत नाही. १ केव्हीए किंवा अधिक हवा. इन्व्हर्टर असल्यास तो ‘यूपीएस’ मोडवर ठेवावा. गडगडाट सुरू झाला की विजेच्या प्लगबरोबर नेटची तारही काढावी, हे दरवर्षी कोणीतरी नव्याने शिकतो. राहता राहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. दिवाणखान्यात माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायची वेळ आली की योक, पेडल आणि दोन पडदे कुठे हलवायचे, हा प्रश्न कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. सगळी नियंत्रणे एकाच फळीवर बसवलेली असली तर फळी उचलून आतल्या खोलीत नेता येते.

सदृशकातला गोवा : गोव्यातून सुरुवात करणाऱ्याला एक फायदा आहे : दोन विमानतळ, मधे ओळखीचा किनारा. दाबोळीचा तळ पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात बांधला. १८ डिसेंबर १९६१ रोजी ऑपरेशन विजयच्या वेळी भारतीय हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बाँब टाकले. आज तो नौदलाचा आयएनएस हंसा तळ असून नागरी विमाने तिथे पाहुणी आहेत. जवळच बोगमाळो येथे १९९८ पासून नौदल विमान संग्रहालय आहे. सुपर कॉन्स्टेलेशन, अलिझे आणि सी हॅरियर ही विमाने तिथे प्रत्यक्ष पाहता येतात. पडद्यावर कॉकपिट पाहणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावे. चाक माणसाच्या किती वर येते, फ्लॅप (पंखामागची खाली झुकणारी फळी) केवढे असते, हे पडदा सांगत नाही.

पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मोपा शोधायला गेल्यास नुसता सडा (जांभ्याचे पठार) सापडतो. आणखी एक गंमत. बऱ्याच सदृशकांतली जमिनीची उंची फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने रडारने केलेल्या मोजणीवर आधारलेली असते. तेव्हा मोपाचा सडा कापला गेलेला नव्हता. नव्या धावपट्टीचे चित्र त्या जुन्या जमिनीवर अंथरले की कधी ती लाटेसारखी वरखाली होते. विमानतळ घालणाऱ्याने जमीन सपाट करण्याची नोंद केली असेल तरच हे टळते.

पहिल्या सरावाला दाबोळी ते मोपा हा मार्ग चांगला. सरळ अंतर सुमारे ४० किमी, सेसनाला पाव तासाहून कमी. धावपट्टी २६ (पश्चिमेकडे उठण्याची दिशा) वरून उठले की पुढे लगेच समुद्र. उजवीकडे वळावे : मुरगाव बंदर, जुवारीचे मुख, दोनापावल, मांडवीवर पणजी, आग्वादचा किल्ला, मग कळंगुट, हणजूण, मोरजी. तेरेखोलची खाडी दिसू लागली म्हणजे मोपा उजव्या हाताला आतल्या बाजूला राहिले. नकाशा न उघडता केवळ नद्या ओळखत जाता आले, की दृश्य उड्डाणाचा अर्धा धडा झाला. पूर्वेकडून येण्याचा सराव मात्र सह्याद्रीचे भान ठेवून करावा. सत्तरीतला सोसोगड सुमारे १,१६६ मीटर उंच आहे आणि ढगात तो दिसत नाही.

हवामान ‘प्रत्यक्ष’वर ठेवले की पावसाळ्यात वारा पश्चिमेचा येतो आणि २६ क्रमांकाची धावपट्टी सोयीची ठरते. इथेच उंचीमापकाची चूक होते. ते हवेच्या दाबावरून उंची सांगते, म्हणून त्यात तिथला दाब आधी लावावा लागतो. अमेरिकी विमानांच्या मापकात दाब पाऱ्याच्या इंचांत असतो, भारतात तो हेक्टोपास्कलमध्ये सांगतात. मापक १०१३ वर राहिले आणि प्रत्यक्षात दाब १००५ असला, तर विमान मापक दाखवते त्याहून सुमारे २०० फूट खाली असते. दाबोळीचा सडा समुद्रकाठी एकदम वर येतो, त्यामुळे हा हिशेब पडद्यावरही चांगलाच आठवणीत राहतो.

उपयोग आणि मर्यादा : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार व्यावसायिक वैमानिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते, घरी संगणकावर घालवलेला एकही तास त्यात मोजला जात नाही. मान्यताप्राप्त सदृशकावरचे काही तास उपकरण-उड्डाणासाठी (केवळ मापकांवर विसंबून उडण्यासाठी) धरतात, ते यंत्र वेगळे. तरीही बारामती, धुळे, गोंदियासारख्या ठिकाणी शिकायला जाणाऱ्या गोव्याच्या मुलाला घरचा सराव उपयोगी पडतो. तपासणी-यादीचा क्रम, कोणते मापक कुठे, रेडिओवर काय आणि कधी बोलायचे, रेडिओ-दिशादर्शक कसा धरायचा, हे सगळे खऱ्या विमानाच्या भाड्यात शिकणे महाग असते. व्हॅट्सिमसारख्या जाळ्यावर स्वयंसेवक नियंत्रकांशी बोलण्याचा सरावही होतो. बोलायला लाजणाऱ्याने आधी नुसते ऐकावे.

हात मात्र घरी तयार होत नाही. काठीवरचा हवेचा दाब, वळणात अंगावर येणारे वजन, चाके टेकण्याआधी खुर्चीतून कळणारा उतार, यांतले काहीच टेबलावर नसते. शिवाय एक वाईट सवय लागते : पडद्याच्या कडेला जग संपत असल्याने नजर मापकांवर खिळते. खऱ्या विमानात पहिल्या काही तासांत डोळे बाहेर, क्षितिजावर हवेत. काही प्रशिक्षक म्हणूनच सिमवरून आलेल्या विद्यार्थ्यासमोरची मापके कागदाने झाकतात आणि विमान सरळ धरायला सांगतात.