घोंगड्यापासून गोअर-टेक्सपर्यंत : पावसाळी ट्रेकच्या सामानाची पार्श्वभूमी

जून लागला की कोल्हापुरात ही चर्चा ठरलेलीच, पन्हाळा-पावनखिंडीला बूट कुठले घ्यायचे, जॅकेट घ्यावं का पोंचो, वॉटरप्रूफ पाहिजेच का. सांगणारे भरपूर असतात आणि मनापासून सांगतात, पण यातली प्रत्येक वस्तू कुठल्या तरी हवेसाठी आणि कुठल्या तरी जमिनीसाठी तयार झालीय हे बोलण्यात येतच नाही. ती हवा आपली नसेल तर महागातली वस्तूपण पावनखिंडीत उपयोगाची नाही, म्हणून जरा मागं जाऊन बघायला पाहिजे.

आधी आपला पाऊस. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलीमीटर पडतो आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्यात पाच हजाराच्या वर. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निघाले, मसाई पठारावरनं विशाळगडाकडं गेले आणि दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभूंनी देह ठेवला, तो रस्ता याच पावसाच्या पट्ट्यात शिरतो. आज मोहिमेला येणारी पोरं त्याच तारखांना चालतात, म्हणजे ऐन आषाढात, लाल चिखलात.

या पट्ट्यातल्या माणसांनी पावसावर उपाय कधीच शोधून ठेवलेले. शाहूवाडी, राधानगरीकडं भाताची लावण करताना अंगावर इरलं असायचं, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानं, डोकं आणि पाठ झाकायची, दोन्ही हात मोकळे, आणि खालनं सगळं उघडं त्यामुळं वारं खेळतं. धनगरांचं घोंगडं तर याच्याही पुढचं. दख्खनी मेंढरांची लोकर राठ असते, सणगर विणकर ती खड्डामागावर विणतात, आणि विणायच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात, त्यानं सूत घट्ट होतं आणि मागावर तुटत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा आत घेऊनही अंगाला ओली लागत नाही आणि ऊब धरते. घोंगड्याची खोळ करून डोक्यावर घेतली की माणूस दिवसभर मेंढरांमागं पावसात उभा राहू शकतो. वजन आहे, भिजल्यावर लईच जड होतं हे खरं, म्हणून ट्रेकला कुणी नेत नाही, पण त्यामागचा हिशोब बरोबर आहे, ओलं झालं तरी चालेल पण गार पडायचं नाही.

युरोपातला हिशोब उलटा. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशनं दोन कापडांच्या मधे रबराचा थर देऊन रेनकोटाचं कापड केलं, पाणी आत येईना पण घामही बाहेर जाईना. त्यावर चांगलं उत्तर मिळायला १९६९ साल उजाडलं, अमेरिकेत बॉब गोअरनं टेफ्लॉनचाच पदार्थ झटक्यात ताणून त्याचा बारीक छिद्रांचा पडदा तयार केला, तेच गोअर-टेक्स. पाण्याचा थेंब त्या छिद्रातनं जात नाही, वाफ जाते. पण वाफ जाते कधी, तर आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तेव्हा. हिमालयात, आल्प्समध्ये ते मिळतं. जुलैत मसाई पठारावर बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली असते, वरचं कापड भिजून चिकटतं, चढाला घाम फुटतो आणि तासाभरात माणूस आतनंच ओला. जॅकेटमध्ये खोट नाही, ते आपल्या आषाढासाठी केलेलं नाही एवढंच. माझं मत विचाराल तर इथं साधा सैल पोंचो बरा, सॅकवरनं येणारा आणि बगलेतनं हवा जाऊ देणारा, तो इरल्याच्याच जातीचा.

बुटांचंही तसंच. रबरी खाचांचा तळ आला तो विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकामुळं. १९३५ मध्ये आल्प्समधल्या मोहिमेत त्याचे सहा साथीदार गेले, त्यात अपुऱ्या पादत्राणांचाही दोष होता, आणि त्यानंतर खटपट करून त्यानं १९३७ मध्ये तो तळ पेटंट केला, त्याच्याच नावावरनं व्हिब्रम. चिखलात खाच खोल आणि लांब-लांब पाहिजे, जवळजवळ असली की लाल माती गच्च भरते आणि तळ सपाट होतो. शेवाळलेल्या जांभ्यावर मात्र खाचेपेक्षा रबर मऊ असणं महत्त्वाचं, दुकानात नखानं दाबून बघावं.

आणि वॉटरप्रूफ बूट? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं जंगलासाठी कॅनव्हासचे बूट काढले, व्हिएतनामच्या बुटांना तर बाजूला पाणी जायला भोकंच ठेवली, कारण ओढ्यात पाय बुडणारच होते. आपल्या वाटेवरही ओढे गुडघ्याला लागतात, पाणी वरनं शिरतं, आणि वॉटरप्रूफ बुटात शिरलेलं पाणी बाहेरच येत नाही. कॅनव्हासचे हंटर बूट किंवा जाळीचे बूट घ्या, पाणी निथळून जातं. पैसे वाचले तर लोकरीचे मोजे घ्या, आणि मुक्कामाचे कपडे सॅकच्या आत जाड प्लास्टिकच्या कागदात बांधा, नुसत्या रेनकव्हरवर राहू नका, पाठीकडनं ओघळ आत जातोच.