भज्यांच्या तेलावर पिकअप

दर वर्षी १० ऑगस्टला माझ्या फोनवर एक फॉरवर्ड येतो. वर जागतिक जैवइंधन दिनाच्या शुभेच्छा, मध्ये रुडॉल्फ डिझेलचा मिशाळ फोटो आणि खाली मजकूर, की १८९३ साली याच दिवशी डिझेलसाहेबांनी शेंगदाण्याच्या तेलावर पहिलं इंजिन चालवून दाखवलं. मग तेल कंपन्या, दडपलेलं संशोधन आणि बोटीवरचा गूढ अंत. यंदा तो भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मित्राच्या वडापावच्या गाडीवर रोज तीन-चार लिटर जळकं तेल निघतं. आपल्या पिकअपमध्ये टाकू का?"

भाचा पहाटे भाजीपाला घेऊन बाजार समितीत जातो, त्याला रोजचं डिझेल दिसतं. मी रसायनशास्त्राचा मास्तर, मला त्या फॉरवर्डमधली चूक आधी दिसली.

१० ऑगस्ट १८९३ला जर्मनीत आउग्सबुर्गच्या कारखान्यात डिझेलच्या पहिल्या इंजिनात इंधन सोडलं होतं, हे खरं. पण ते पेट्रोलच्या जातीचं होतं. आत असा भडका उडाला की दाब मोजणारं उपकरण फुटलं आणि डिझेल थोडक्यात वाचला. ते इंजिन स्वतःच्या बळावर फिरलं १८९४च्या फेब्रुवारीत, तेही मिनिटभर. १८९७मध्ये मात्र त्याच्या सुधारलेल्या इंजिनाने २६ टक्के कार्यक्षमता दाखवली. त्या काळची वाफेची इंजिनं या आकड्याच्या आसपासही नव्हती. शेंगदाण्याचं तेल आलं १९००मध्ये, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक होता आणि तिथेच त्याच्या तेलावर यंत्रं चालतील का, याची फ्रेंच सरकारला उत्सुकता होती. म्हणून ओटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन त्या तेलावर चालवून दाखवलं. खनिज तेलासाठी बनवलेल्या इंजिनात काडीचाही बदल केला नव्हता आणि ते इतकं सुरळीत चाललं की पाहणाऱ्यांतल्या फारच थोड्यांना फरक कळला. ही हकीकत खुद्द डिझेलनेच १९१२मध्ये सांगितली आहे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबरच्या अखेरीस, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो रात्री नाहीसा झाला. तो कर्जात बुडालेला होता. शेंगदाण्यासाठी त्याचा काटा काढला, या गोष्टीला फॉरवर्डखेरीज दुसरा आधार नाही.

असो. डिझेल इंजिनात गोडं तेल जळतं का? जळतं. या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती पाच-सहाशे अंशांवर जाते, मग तिच्यात इंधन फवारलं की ते आपोआप पेटतं. तेलात ऊर्जाही चांगली असते, किलोमागे डिझेलपेक्षा दहा-बारा टक्केच कमी. खरी अडचण फवारणीत आहे, आणि माझा जीव तिथेच अडकला आहे.

द्रव वाहायला किती अडतो याच्या मापाला पाठ्यपुस्तकात विष्यंदिता म्हणतात, आपण दाटपणा म्हणू. ४० अंशांना डिझेलचा दाटपणा साधारण ३ असेल, तर शेंगदाण्याच्या तेलाचा ४०च्या घरात. (एकक मुद्दाम देत नाही, गुणोत्तर लक्षात ठेवा.) शेतात द्राक्षांवर औषध फवारणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. औषध दाट झालं की नोझलमधून धुकं येत नाही, थेंब पडतात.

समजा, एक मिलिमीटरचा डिझेलचा गोळा फोडून २० मायक्रॉनचे थेंब केले (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सव्वा लाख थेंब होतील आणि एकूण पृष्ठभाग ५० पट वाढेल. दाट तेलाचे थेंब तिप्पट जाडीचे, म्हणजे ६० मायक्रॉनचे राहिले, तर त्याच गोळ्यातून जेमतेम साडेचार हजार निघतील. आता गंमत पाहा. द्रव द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि थेंब पुरता विरायला लागणारा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्यास तिप्पट, तर वेळ नऊपट. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर एक फेरा ३० मिलिसेकंदांचा. फेऱ्याच्या ३६० अंशांतला जळण्याच्या कामाचा तुकडा ४० अंशांचा धरला, तर हातात सव्वातीन मिलिसेकंदच उरतात. तेवढ्यात जे थेंब विरत नाहीत, ते सिलिंडरच्या भिंतीवर जाऊन आपटतात.

भिंतीवर आपटल्यावर काय होतं, ते आपल्या घरी रोज दिसतं. कढईच्या बाहेरच्या बाजूला, कानांच्या खाली, पिवळा-तपकिरी चिकट थर साचतो. तारेच्या घासणीनेही तो निघत नाही. ते आता तेल राहिलेलं नसतं. उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचं एक प्रकारचं प्लास्टिक झालेलं असतं. हाच थर पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत बसतो, रिंगा अडकतात, नोझलच्या तोंडाशी कोळसा धरतो. भिंतीवरून घसरलेलं तेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि त्याचं हळूहळू खळीसारखं होतं. पहिले काही दिवस गाडी झकास चालते आणि व्हिडिओ त्याच दिवसांत काढलेला असतो.

सगळी तेलं सारखी चिकटत नाहीत, हेही सांगायला हवं. क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल पाजलं असेल, तर ते सुकून कडक होतं हे आठवेल. खोबरेल कितीही दिवस ठेवा, सुकत नाही. फरक आहे तेलाच्या रेणूतल्या मेदाम्लांच्या, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्यांतल्या, दुहेरी बंधांचा. ऑक्सिजन त्यांच्या शेजारी हात घालतो आणि रेणूंची साखळी जुळत जाते. हे बंध मोजण्याचं माप म्हणजे आयोडीन अंक: जवस १७०च्या पुढे, सूर्यफूल १३०च्या आसपास, शेंगदाणा ९०, पाम ५०, खोबरेल अवघे ९. युरोपच्या बायोडिझेल (तेलापासून बनवलेलं डिझेलसारखं इंधन) मानकात १२०ची मर्यादा यासाठीच आहे.

मग दाटपणा कमी कसा करायचा? एक उपाय सरळ आहे, तेल तापवा. ८०-९० अंशांना त्याचा दाटपणा दहाच्या आसपास येतो. जर्मनीत मोहरीच्या नात्यातल्या रेपसीडच्या तेलावर हजारो गाड्या अशा चालल्या. अनेकांत दोन टाक्या असायच्या: डिझेलवर सुरू करायची, रेडिएटरच्या गरम पाण्याने तेल तापलं की त्यावर न्यायची आणि बंद करण्याआधी नळ्या धुऊन निघाव्यात म्हणून पुन्हा डिझेलवर आणायची.

दुसरा उपाय रेणूच बदलण्याचा. इथे मी जरा रमणार आहे, कंटाळा आल्यास पुढचे दोन परिच्छेद ओलांडा.

तेलाचा रेणू म्हणजे तीन लांब नाड्या एका गाठीला बांधलेल्या. गाठ ग्लिसरीनची, नाड्या मेदाम्लांच्या. अशा गाठी मारलेल्या नाड्यांचा ढीग ओढून पाहा, एक ओढली की दहा येतात. हाच दाटपणा. गाठ सोडली आणि नाड्या सुट्या केल्या, तर ढीग सुळकन सरकतो. पण नुसत्या सोडून भागत नाही. सुट्या मेदाम्लाच्या टोकाला जे हायड्रोजन असतं, ते शेजारच्या रेणूला धरून ठेवतं, शिवाय आम्ल धातू खातं. म्हणून टोकाला टोपी घालावी लागते, आणि सगळ्यांत लहान व स्वस्त टोपी म्हणजे मिथेनॉल. ९०० च्या जवळपास वजनाच्या एका रेणूचे ३०० च्या जवळपास वजनाचे तीन रेणू होतात आणि दाटपणा ४०वरून ४-५वर येतो. बायोडिझेल ते हेच. अदलाबदलीचं नाव ट्रान्सएस्टरिफिकेशन, आणि डिझेल जन्मण्याआधीच, १८५३मध्ये, ती रसायनशास्त्रज्ञांना माहीत होती. तिच्यापासून इंजिनाचं इंधन करण्याचं पेटंट मात्र १९३७मध्ये ब्रुसेल्सच्या शाव्हान यांनी घेतलं. पामतेलापासूनच्या अशा इंधनावर पुढच्या वर्षी ब्रुसेल्स ते लूव्हाँ बसही धावली.

ही टोपी चढते कशी? मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवला की मेथॉक्साइड आयन तयार होतो. त्याच्या ऑक्सिजनवर ऋण भार असतो. तेलाच्या रेणूत जिथे नाडी गाठीला जोडलेली असते, तिथला कार्बन दोन ऑक्सिजनांच्या ओढाताणीत किंचित धन झालेला असतो. मेथॉक्साइड नेमका त्यावर झेप घेतो. क्षणभर त्या कार्बनला चार जोडीदार होतात, मग ग्लिसरीनकडची बाजू सुटते. सुटलेली बाजू जवळच्या मिथेनॉलचा हायड्रोजन ओढून घेते आणि नवा मेथॉक्साइड तयार होतो. म्हणजे सोडा खर्च होत नाही, उत्प्रेरक जागेवर परत. असं तीनदा. पण ही वाट दोन्हीकडून चालू असते, ग्लिसरीन उलट हल्ला करून टोप्या उडवूही शकतं. त्याला हरवण्यासाठी एका तेलरेणूमागे हिशेबाने तीन लागणारे मिथेनॉलचे रेणू प्रत्यक्षात सहा घालतात. उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करतं: ग्लिसरीन जड, ते तळाशी थर करून बसतं आणि भांडणातून बाहेर पडतं. साठ अंश, तासभर ढवळणं, मग रात्रभर स्वस्थ.

भज्यांच्या तेलात घोळ इथेच होतो. बटाट्यातलं पाणी आणि तासन्‌तासची उष्णता यांनी त्यातल्या काही नाड्या आधीच सुटून मोकळी आम्लं झालेली असतात. सोडा त्यांच्याशी भिडतो आणि साबण होतो. पाणी असेल तर आणखी साबण. मग थर वेगळे होत नाहीत, बरणीत दह्यासारखं काहीतरी उरतं. म्हणून प्रत्येक डबा आधी तपासून सोड्याचं माप ठरवावं लागतं आणि तेल फारच खराब असेल तर आम्ल वापरून एक पायरी आधी करावी लागते. आणि हे घरी करू नका. मिथेनॉलची ज्योत दिवसा दिसत नाही आणि त्याच्या काही घोटांनी माणूस आंधळा होतो. मुंबईत मालवणीला २०१५मध्ये शंभरावर माणसं ज्या दारूने गेली, त्यात हेच होतं.

आता भाच्याची पिकअप. विहिरीवरचं जुनं, हँडल मारून सुरू होणारं, संथ ठोके देणारं इंजिन असतं, तर मी गाळून थोडं तेल घाल म्हटलंही असतं. ती इंजिनं सोशिक. पण आजच्या कॉमन रेल (सगळ्या नोझलांना एकाच दाबाखालच्या नळीतून इंधन देणाऱ्या) गाडीत हजार-दीड हजार बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब) पुढच्या दाबाने, केसाच्या जाडीच्या भोकांतून इंधन जातं. त्या पंप-नोझलच्या दुरुस्तीचं बिल एकदा पाहिलं, की वर्षभर वाचवलेलं डिझेल विसरायला होतं. नीट बनवलेलं बायोडिझेल डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलेलं चालतं, सल्फर नसल्याने आणि स्वतःचा ११ टक्के ऑक्सिजन असल्याने धूरही कमी होतो. मात्र ते चांगलं द्रावकही आहे. जुन्या टाकीतला गाळ सोडवून आणतं, फिल्टर तुंबवतं आणि साधे रबरी पाइप फुगवतं. हायवेच्या कडेला 'बायोडिझेल'ची पाटी लावून जे स्वस्तात विकतात आणि ज्यावर अधूनमधून छापे पडतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कारखान्यांतली भलतीच तेलं मिसळलेली असतात. १९९६मध्ये तामिळनाडूच्या हर्बल पेट्रोलने शहाण्यासुरत्या माणसांना भुरळ घातली होती. पाला उकळून पेट्रोल! ढवळायच्या काठीत लपवलेलं खनिज तेलच ते.

देशाच्या हिशेबाबद्दल थोडक्यात. भारत वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल जाळतो आणि खाण्याचं तेल सगळं मिळून अडीच कोटी टनांच्या आसपास वापरतो, त्यातलंही निम्म्याहून जास्त आयात. घराघरांतली फोडणी बंद केली तरी पाव गरज भागते. म्हणून २००३च्या सुमारास बियांतून न खाण्याचं तेल देणाऱ्या मोगली एरंडाचा (जट्रोफा) गाजावाजा झाला: पडीक जमीन, पाणी नको, २०११-१२पर्यंत २० टक्के मिश्रण. झाड पडीक जमिनीत जगतं खरं, पण पाणी-खताशिवाय बिया धरायला ते बांधील नव्हतं. २०१८च्या जैवइंधन धोरणात लक्ष्य २०३०पर्यंत ५ टक्क्यांवर आलं. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तळणीच्या तेलावर मर्यादा घातली: तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यात वापरायचं नाही, ते बायोडिझेलसाठी गोळा करायचं. मला यातला आरोग्याचा भाग इंधनापेक्षा मोठा वाटतो. ते तेल टाकीत गेलं तर निदान पुन्हा कढईत जात नाही.

भाच्याला एवढं सगळं लिहून पाठवलं, त्याने अंगठा दाखवला. मी मात्र त्याच्या मित्राकडून लिटरभर तेल आणवलं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाफा ओढून घेणाऱ्या हुडाखाली बायोडिझेल करून पाहिलं. चार वेळा पाण्याने धुतलं, वाळवलं, बरणीत भरलं. सप्टेंबरात ते मधासारखं पारदर्शक होतं. बरणी खिडकीत ठेवून मी विसरलो. डिसेंबरात निफाडकडून थंडी उतरली आणि एका सकाळी सातला पाहतो तर बरणी ढगाळ, तळाशी तुपासारखे कण. वडे पामतेलात तळलेले होते, आणि पामच्या बायोडिझेलचे कण १३ ते १६ अंशांनाच गोठू लागतात. न्हाणीघरातली खोबरेलाची बाटलीही त्या दिवशी गोठली होती. दहा वाजता खिडकीत ऊन आलं, बरणी पुन्हा स्वच्छ झाली. भाचा माल घेऊन पहाटे चारला निघतो.